सही करण्याआधी नेमणूकपत्रात काय बघाल?

माझी पहिली नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. नेमणूकपत्र मिळालंच नाही, रुजू व्हायचा निरोप फोनवर आला. नोकरी सोडल्यावर शेवटचा पगार मिळायला तीन महिने लागले. दर सोमवारी फोन करायचा आणि 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर ऐकायचं. कोणत्या नियमावर बोट ठेवून भांडायचं, हेच ठाऊक नव्हतं. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

२१ नोव्हेंबर २०२५ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. ते हातात आलं की आधी मुदत वाचा. ठरावीक मुदतीच्या करारावर एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी रकमेचा, हक्क मिळतो. कायम नोकरीत मात्र पाच वर्षांची अट आहे. त्यामुळे करार अकरा महिन्यांचा की बारा, हा प्रश्न आता पैशांचा आहे. तो सहीच्या आधीच विचारा.

मग पगाराचा तक्ता. एकूण ३०,००० सांगायचे आणि बेसिक (मूळ वेतन) ९,००० ठेवायचं, ही सर्रास पद्धत होती. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरतात. म्हणजे हिशेब १५,००० वर. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,०८० ऐवजी १,८०० कापला जाईल, हातात कमी येईल. पहिल्या पगाराला हे टोचतं. पण तेवढीच भर कंपनीलाही घालावी लागते (तिचा वाटा तुमच्या सीटीसीतूनच, म्हणजे कंपनीने तुमच्यावरचा म्हणून सांगितलेल्या एकूण खर्चातूनच, जातोय का, तेही बघा), आणि वर्षाची ग्रॅच्युइटी साधारण ५,१९० वरून ८,६५० वर जाते. मला हा बदल मनापासून पटतो.

सगळंच कामगाराच्या बाजूचं झालेलं नाही. कारखान्यात कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून. आता ती मर्यादा ३०० आहे.

नोकरी सोडताना मात्र मोठा आधार मिळालाय. राजीनामा दिलेल्यालाही उरलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळालं पाहिजे. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवसांची. राजीनामा ईमेलनेच द्या आणि कामाचा शेवटचा दिवस कोणता, हे कंपनीकडून लेखी घ्या. ते दोन दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.