वर्गाकडून विकिपीडियावर लिहून घेताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या किंवा बी.ए.च्या वर्गाला प्रकल्प म्हणून मराठी विकिपीडियावर लिहायला देणं ही चांगली कल्पना आहे, आणि विदर्भातल्या खेड्यातल्या वर्गाला तर ती विशेष शोभते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण आपल्याकडच्या असंख्य गावांची पानं आजही नुसती मथळ्यांची आहेत. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षकं आणि त्यांच्याखाली एखादी साचेबद्ध ओळ. ही जागा भरू शकतील अशी मुलं त्याच गावातून सकाळच्या एसटीने कॉलेजला येतात.

तरी असे प्रकल्प फसतात. मजकूर काढून टाकला जातो, खाती अडवली जातात, मुलं हिरमुसतात आणि पुढच्या वर्षी कोणी नाव काढत नाही. माझ्या मते बहुतेक वेळा दुखणं एकच असतं: विषय आधी वाटले जातात आणि पुस्तक नंतर शोधलं जातं. हे उलटं करा, निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

फळ्यावर विषयांची यादी लिहिणं

पहिल्या तासाला फळ्यावर तीस नावं पडतात: तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, लोणार, ताडोबा, चिखलदरा. या सगळ्यांची पानं आधीच आहेत. त्यात नवख्याने भर घालायची तर आधीचं सगळं वाचावं लागतं, आणि ते कोणी वाचत नाही. मग मुलं मोबाइलवर शोधतात, पहिल्या संकेतस्थळावरचा पहिला परिच्छेद उचलतात आणि इथेच गाडी रुळावरून घसरते.

त्याऐवजी पहिला तास ग्रंथालयात घ्या. कपाटातून जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याचा इतिहास-भूगोल सांगणारा सरकारी ग्रंथ) काढा, जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा, तालुक्यात कधी साहित्य संमेलन झालं असेल तर त्याची स्मरणिका, एखादा प्रबंध, मराठी विश्वकोशाचे खंड. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाची गॅझेटियरं आता संगणकावरही वाचता येतात. मग मुलाला विषय न देता पान द्या. ‘या पुस्तकातली ही चार पानं वाच, यातलं काय विकिपीडियावर नाही ते शोध आणि तेवढंच लिही.’ तीस नवे लेख लिहिण्यापेक्षा आहे त्या तीस पानांत प्रत्येकी सहा पक्की वाक्यं घालणं कितीतरी मोलाचं आहे.

भंडारा-गोंदियाकडचा एक नमुना घेऊ. तिथली मुलं गावच्या मालगुजारी तलावाबद्दल साधारण असं लिहितात: ‘आमच्या गावात खूप सुंदर तलाव आहे. तो पूर्वीच्या मालगुजारांनी फार मेहनतीने बांधला.’ (मालगुजार म्हणजे ब्रिटिश काळात गावचा सारा भरणारा जमीनदार.) पहिलं वाक्य मत आहे, दुसरं अंदाज. मालगुजारी तलाव असं नाव पडलं म्हणून प्रत्येक तलाव मालगुजारानेच बांधला असं होत नाही. पूर्व विदर्भातले कितीतरी तलाव त्याआधीचे, गोंड राजवटीतले आहेत. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत तेव्हा होती आणि या कामात कोहळी समाजाचं नाव अग्रभागी होतं. मालगुजारी रद्द करणारा तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याचा कायदा १९५० सालचा, त्यानंतर हे तलाव सरकारकडे गेले. एवढं पुस्तकातून कळल्यावर तोच मुलगा लिहितो: ‘गावाच्या पूर्वेस मालगुजारी तलाव आहे. या भागातील अनेक तलाव गोंड राजवटीत बांधले गेले.’ आणि दुसऱ्या वाक्याला पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक जोडतो. आपल्या गावचा तलाव नेमका कोणी बांधला हे पुस्तकात सापडलं नाही, तर तो ते लिहीत नाही. हा संयम शिकवणं हेच या प्रकल्पाचं खरं शिक्षण आहे असं मला वाटतं.

जुनं पुस्तक जसंच्या तसं खरं मानणं

गॅझेटियर चांगलं, पण त्याचं वर्ष बघा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. त्याआधीच्या पुस्तकात धानोरा चंद्रपूर जिल्ह्यात आणि तिरोडा भंडारा जिल्ह्यातच असणार. मुलं ते तसंच उतरवतात. लोकसंख्येचंही तेच. आकडा लिहिला तर ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे त्याच वाक्यात यायला हवं.

त्यातच एकाच नावाच्या गावांचा घोळ होतो. पिंपळगाव, खैरी, सावरगाव, बोरगाव यांना आपल्याकडे तोटा नाही. शीर्षकात तालुका घातला नाही तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या गावाच्या पानावर आपल्या गावची शाळा आणि यात्रा जाऊन बसते. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक असतो, तो जुळवून मगच लिहायला बसवा.

‘थोडं बदलून लिहिलं सर’

प्रकल्प बुडवणारी सर्वांत मोठी चूक ही. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी विद्यार्थ्यांचा मोठा उपक्रम झाला होता. शेकडो विद्यार्थी, उत्साह भरपूर. पण पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतका आला की जगभरचे स्वयंसेवक तो साफ करण्यात अडकले आणि उपक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला. मुलांची नियत वाईट नव्हती. गाइडमधून उत्तर उतरवण्याची आपली शाळेतली सवय तिथे पोचली, एवढंच.

म्हणून मुलांना नियम साध्या शब्दांत सांगा. माहिती कोणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचा हक्क राहतो, सरकारी प्रकाशनालाही प्रकाशनापासून ६० वर्षं. विकिपीडियावरचा मजकूर मात्र नाव देऊन कोणीही पुन्हा वापरू शकतो, त्यामुळे दुसऱ्याचं लेखन तिथे टाकणं म्हणजे जे आपलं नाही ते वाटून मोकळं होणं. विश्वकोशातली नोंदही जशीच्या तशी घेता येत नाही, तिचा संदर्भ देता येतो.

माझा उपाय जुनाच आहे. पुस्तक वाचा, मिटा, वहीत स्वतःच्या भाषेत लिहा, मग पुस्तक उघडून फक्त नावं आणि आकडे तपासा. दोन शब्द पुढेमागे केल्याने किंवा ‘आहे’चं ‘होय’ केल्याने मजकूर आपला होत नाही. वहीतला कच्चा खर्डा बघितल्याशिवाय कोणालाही टंकायला बसवू नका.

इंग्रजी पान यंत्राकडून भाषांतरित करून चिकटवणं हाही याचाच प्रकार. ते भाषांतर वर्गात मोठ्याने वाचायला लावा. शेजारच्या बाकावरच्या मुलाला जे वाक्य कळत नाही ते घालायचं नाही.

आजीने सांगितलं ते संदर्भ म्हणून देणं

इथे मला स्वतःला वाईट वाटतं, कारण खेड्यातलं बरंचसं ज्ञान छापलेलं नाही. दंडार, खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यांतले बोल आणि शाहीर, पांदण रस्त्याची जुनी नावं, तान्ह्या पोळ्याला आपल्याच गावात होणारा एखादा विधी. मुलगी आजीला विचारून मनापासून लिहिते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावतो. पाटी लावणारा चुकत नाही. जे दुसऱ्या कोणाला पडताळता येणार नाही ते ज्ञानकोशात राहू शकत नाही.

पण म्हणून आजीचं सांगणं फेकून द्यायचं नाही, त्याची जागा वेगळी आहे. झाडीबोलीतले, वऱ्हाडीतले शब्द अर्थासह मराठी विक्शनरीत, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड शब्दकोशात, घालता येतात. मुलांनी स्वतः काढलेले फोटो आणि केलेलं ध्वनिमुद्रण विकिमीडिया कॉमन्स या चित्र-ध्वनींच्या मुक्त भांडारात चढवता येतं, मात्र ज्याचं ध्वनिमुद्रण केलं त्याची परवानगी आधी घ्या. सार्वजनिक जागेतली देवळं, पुतळे, किल्ले यांचा फोटो काढून टाकायला भारतीय कायदा आडकाठी करत नाही. वर्तमानपत्रातला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र मात्र चालत नाही, ते कोणी पाठवलं याला काही अर्थ नाही. आणि तालुक्याच्या वर्तमानपत्राने किंवा स्मरणिकेने तीच माहिती कधी छापली असेल तर ती शोधा. जुन्या अंकांची बांधीव फाइल कुठे ना कुठे असते.

सरपंचाचा, संस्थापकाचा लेख

हा मोह टाळाच. संस्थेच्या अध्यक्षांचा, आमदारांच्या कार्यकर्त्याचा, स्वतःच्या कॉलेजचा गौरवलेख टिकत नाही. स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांनी ज्याची सविस्तर दखल घेतली तोच विषय लेखाला पात्र ठरतो. ‘परमपूज्य’, ‘लोकप्रिय’, ‘थोर’ ही विशेषणं तर तुकडोजी महाराजांच्या पानावरही नकोत. त्यांचा जन्म १९०९ चा, कर्मभूमी मोझरी, निधन १९६८, ग्रंथ ग्रामगीता. थोरवी त्या कामातून दिसते.

संगणकावर बसल्यावर येणाऱ्या अडचणी

सातव्या मुलाचं खातं उघडतच नाही, ही तक्रार जवळपास ठरलेली. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत साधारण सहाच खाती काढता येतात. म्हणून खाती मुलांनी आठवडाभर आधी आपापल्या घरून काढावीत. शाळेच्या नावाचं एकच खाते करून सगळ्यांनी वापरणं नियमात बसत नाही. मुलांची खरी नावं, मोबाइल नंबर, जन्मतारीख सदस्य पानावर टाकू देऊ नका, मुलींच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा.

मोबाइल डेटावर संपादन करताना आपण काहीही केलेलं नसताना ‘प्रतिबंधित’ असा संदेश येतो. मोबाइल कंपनीचा एकच पत्ता हजारो लोक वापरतात, त्यातल्या कोणीतरी केलेल्या उपद्रवामुळे तो अडवलेला असतो. खात्यातून प्रवेश करून बघा, बहुधा काम होतं. नाहीच झालं तर दुसरी जोडणी वापरा आणि चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) प्रचालकांना, म्हणजे देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांना, कळवा.

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. गावातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातून आणलेल्या फाइलीचं हमखास असं होतं. युनिकोडमध्येच टंका. मोबाइलचा मराठी कळफलक पुरेसा आहे, आणि विकिपीडियाच्या लेखनचौकटीतही मराठी टंकायची सोय आहे.

वीज जाते, रेंज जाते, अर्ध्या तासाचं लिखाण जातं. वहीत खर्डा असला की नुकसान फक्त टंकण्याचं होतं. शिवाय प्रत्येक परिच्छेदानंतर ‘बदल प्रकाशित करा’ दाबायला लावा, पण ते आपापल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. दोघांनी एकच पान एकाच वेळी उघडलं तर एकाचे बदल अडकतात, त्यामुळे पानं वाटून द्या.

‘सर, लेख उडवला ना जी!’

असं कोणी सांगत आलं की आधी त्या पानाचा इतिहास उघडा; सगळं पानच गेलं असेल तर त्या शीर्षकाची वगळल्याची नोंद बघा. कोणी, कधी, कोणत्या कारणाने काढलं ते तिथे आणि बहुधा मुलाच्या चर्चा पानावर लिहिलेलं असतं. तोच मजकूर पुन्हापुन्हा टाकणं हा सर्वांत वाईट उपाय, त्याने खातंच अडवलं जातं. चर्चा पानावर मराठीत, सभ्य भाषेत विचारा: मी या पुस्तकावरून लिहिलं होतं, काय सुधारू? शेवटी चार तरंगचिन्हं (~~~~) टाका, म्हणजे सही आपोआप उमटते. समोरचा माणूसही बिनपगारी काम करणारा मराठी वाचक आहे, बहुतेक वेळा तो वाट दाखवतो.

प्रकल्प सुरू होण्याआधीच चावडीवर कळवलं असेल तर ही वेळ कमी येते. कोणतं कॉलेज, किती मुलं, कोणते आठवडे, शिक्षकाचं खातं कोणतं, एवढं पुरे. विकिमीडियाचा आउटरीच डॅशबोर्डही मोफत आहे. त्यावर वर्ग नोंदवला की कोणत्या मुलाने कुठे काय लिहिलं हे एका जागी दिसतं.

लेख टिकला तर गुण, किती शब्द त्यावर गुण

दोन्ही चूक. शब्दांवर गुण दिले की मुलं भरताड करतात, टिकण्यावर दिले की घाबरून काहीच लिहीत नाहीत. इतिहासातून प्रत्येक संपादन दिसतं, त्यावरून गुण द्या: संदर्भ पानासह आहे का, वाक्य स्वतःचं आहे का, चर्चेला उत्तर दिलं का. शेवटच्या तारखेच्या रात्री सगळे एकदम तुटून पडू नयेत म्हणून काम चार टप्प्यांत मागा.

खात्याला ईमेल जोडलेला नसेल आणि पासवर्ड विसरला तर ते खातं परत मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. शिक्षकाने वर्गाची सगळी पानं आपल्या पहाऱ्याच्या सूचीत (कोणत्या पानावर बदल झाला हे दाखवणाऱ्या यादीत) घ्यावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देणारं कोणीतरी हवं, आणि तेव्हा मुलं तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा लग्नसराईत असतात.