सहा दिवस, सहा वचनं

रात्री प्रार्थनेला बसवलं की मुलं पेंगतात, नाहीतर एकमेकांना चिमटे काढतात. आम्ही वेळच बदलली: सकाळी, डबे भरताना.

१. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं २३वं स्तोत्र घ्या. वचनं सहाच. सोमवार ते शनिवार रोज एक, सोप्या चालीत. आमच्याकडे ओवीची चाल जमते. पोळी लाटताना हात आपोआप ठेका धरतो.

२. रविवारी चर्चला जाताना लोकलमध्ये सगळं सलग गुणगुणायचं.

३. पुढच्या आठवड्यात नारायण वामन टिळकांचं एखादं भजन, रोज एक कडवं.

फोनवर गाणं लावलंत तर फोन पालथा ठेवा, नाहीतर पुढचा व्हिडिओ कार्टूनचा निघतो. आणि मध्येच टोकू नका. आमची धाकटी स्तोत्रातल्या ‘मेंढपाळ’ला अजून ‘मेंढीपाळ’ म्हणते, म्हणू दे.