येमेनच्या खेड्यात बायकांच्या आयुष्यावर काम करायचंय? या चुका टाळा

येमेनमधल्या ग्रामीण बायकांवरचा संशोधन-प्रस्ताव उघडला, की पहिल्याच पानावर काळा बुरखा भेटतो. गाडी तिथेच घसरते. राजधानी सना शहरात शरशफ हा काळा पोशाख तुर्की अंमलात आला, आणि तोही बड्या घरांतून. त्याआधीपासून चालत आलेली सितारा म्हणजे रंगीत छापील मोठं वस्त्र, आणि त्याचं कापड भारतातून जायचं. डोंगरातल्या शेतकरणी रानात बहुधा उघड्या चेहऱ्याने राबत आणि परका माणूस दिसला की पदर ओढून घेत. पूर्वेकडच्या हद्रमौतच्या खोऱ्यात बायका काळ्या कपड्यांवर उंच टोकदार गवती टोप्या घालून चारा कापतात. काळा अबाया सगळीकडे दिसू लागला तो अलीकडच्या काही दशकांत. त्यामुळे ‘परंपरा’ लिहिण्याआधी गावातल्या म्हातारीला विचारा, तुमच्या लग्नात काय नेसला होतात?

शहरातली दुपार खेड्यावर लादू नका

सनातल्या बायका दुपारी नटूनथटून एकमेकींकडे जमतात. तिथे हुक्का, कात (विड्याचा नव्हे, चघळायचा झिंग आणणारा पाला), गप्पा, गाणी सगळं चालतं. या बैठकीला तफ्रीता म्हणतात. (कात फक्त पुरुष चघळतात, हाही एक गैरसमज.) अभ्यासकांनी या बैठकींवर खूप लिहिलं, कारण त्या सापडायला सोप्या. खेड्यात मात्र पाणी, सरपण, वैरण, शेणाच्या गोवऱ्या, तन्नूर भट्टीवरच्या भाकऱ्या, यातून दुपार उरतेच असं नाही. डोंगराळ भागातलं मुख्य धान्य ज्वारी. कणीस भरत आलं की खालची पानं ओरबाडून वैरणीला ठेवतात. त्या दिवसांत मुलाखत मागाल तर ‘उद्या या’ एवढंच ऐकू येईल. विळा घ्या आणि सोबत जा.

‘बायका बोलतच नाहीत’ ही तक्रार

आधी बघा, खोलीत कोण आहे. सासू बसली असेल तर सून तुमच्या प्रश्नावर तिच्याकडेच पाहणार. दुभाषा पुरुष असेल तर बैठक तिथेच संपली. पुरुष संशोधकाला परक्या बायकांत बसताच येत नाही. त्याने पुरुषांकडून ऐकलेलं ‘बायकांचं मत’ म्हणून छापू नये, एवढीच अपेक्षा. परदेशी बाईला बहुतेकदा दोन्हीकडे बसू देतात, पण रोज पुरुषांच्या बैठकीत दिसणाऱ्या बाईशी आतल्या बायका हातचं राखून बोलतात. नवऱ्याला त्याच्या बायकोचं नाव विचारू नका, ‘घरचे कसे आहेत?’ पुरे.

तरीही गप्प असतील, तर प्रश्नावली बाजूला ठेवा. मानवशास्त्रज्ञ नजवा अद्रा यांनी येमेनी बायकांच्या तोंडी कवितांवरून साक्षरतेचे वर्ग घडवले. बायका आपल्याच ओळी लिहायला-वाचायला शिकल्या. जात्यावरच्या ओव्या गोळा केलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. जे सासूसमोर बोलता येत नाही ते गाण्यात बिनधास्त येतं.

जमिनीचा वाटा : सगळ्यात जास्त घोळ इथे

शरियतनुसार मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. गावात विचारलं तर बहुतेकींची जमीन भावाच्याच ताब्यात निघते. संशोधक लगेच लिहितो, ‘भावांनी हक्क बुडवला’. कधी ते खरंही असतं. पण भावाने ईदला भेट घेऊन यायचं, नवऱ्याशी बिनसलं तर बहिणीला घरात घ्यायचं, तिच्या वतीने सासरशी बोलायचं, हे सगळं त्या वाट्याच्या आधाराने चालतं. रागावून माहेरी निघून जाणं हे तिथल्या बाईचं मोठं हत्यार आहे, आणि माहेरचं दार बंद झालं तर ते बोथट होतं. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखा कागद करून तिने पाणी सोडलेलं असतंच असं नाही. भाऊ विचारेनासा झाला, की ती किंवा पुढे तिची मुलं वाटा मागायला उभी राहतात आणि भांडण पिढीभर चालतं. मानवशास्त्रज्ञ मार्था मंडी यांनी सनाजवळच्या वादी धहरमध्ये घर, नातं आणि मालमत्ता यांची ही गुंतागुंत बारकाईने उलगडली आहे.

म्हणून ‘तुम्हाला वाटा मिळाला का?’ असं विचारू नका. होकार किंवा नकार मिळेल, कळणार काहीच नाही. या पट्टीतली ज्वारी कोण कापतं, धान्य कुणाकडे जातं, मागच्या ईदला कोण आलं होतं, हे विचारा. बसीरा म्हणतात ते खरेदीचे कागद पुरुषांच्या पेटीत असतात. ते बघायला मिळाले तरी ताबा कुणाचा हे शेतातच कळतं.

एकाच घराच्या पाहुण्या होऊ नका

सय्यद, म्हणजे पैगंबरांचा वंश सांगणाऱ्या मानाच्या घराण्यात उतरलात तर त्यांचंच येमेन दिसेल. मानवशास्त्रज्ञ ॲन मेनेली यांनी तिहामातल्या (तांबड्या समुद्राकाठच्या सपाटीतल्या) झबीद गावात दाखवलं, की बायकांच्या भेटीगाठींवर घराची पत ठरते. भेटीची परतफेड केली नाही तर तो अपमान. पण लग्नात राबणारी मुझय्यिन (खालच्या समजल्या जाणाऱ्या सेवेकरी वर्गातली) बाई, किंवा गावाबाहेर राहणारे, बाजूला टाकलेले काळ्या वर्णाचे मुहम्मशीन (त्यांना ‘अखदाम’ म्हणजे नोकर म्हणू नका, ती शिवी आहे), यांच्याकडे वेगळं जावं लागतं. क्रमही जपा, कारण आधी कुणाकडे गेलात हे गाव लक्षात ठेवतं.

मराठवाड्यातून निघणाऱ्याला वेगळा मोह असतो. नांदेड, परभणी, औरंगाबादकडची चाऊस घराणी निजामाच्या फौजेतल्या हद्रमी शिपायांची. ओळख तिथून मिळेलही, पण ती हद्रमौतची, आणि बहुधा पुरुषांच्या वंशावळीतून. मुंबईच्या पुराभिलेखागारातलं एडन, म्हणजे दक्षिण येमेनमधलं बंदर, तेही तसंच. १८३९ पासून एडन मुंबई सरकारच्या कारभारात होतं, पण त्या दप्तरात बंदर भेटतं, ज्वारी कापणारी बाई क्वचितच.

जुनं पुस्तक वर्तमानकाळात उतरवू नका

१९७०-८० च्या दशकांत पुरुष सौदीत कमवायला गेले, शेताचा भार बायकांवर आला, पैसा आला, विकतचं पीठ आलं. इराकने कुवेत घेतल्यावर १९९० मध्ये सुमारे ८ लाख येमेनी सौदीतून परतले आणि चित्र पुन्हा फिरलं. २०१४ मध्ये हुथी या उत्तरेकडच्या बंडखोर गटाने सना घेतलं, २०१५ पासून बॉम्बहल्ले. ‘येमेनी बाई असं करते’ या वाक्याला साल नसेल तर ते खोडा.

फोटोचं एका ओळीत : काढू नका. लग्नात बायका उघड्या केसांनी नाचतात, आणि तिथला एक फोटो बाहेर गेला तर घर उद्ध्वस्त होतं.

आता गावी जाणं जवळपास अशक्य, म्हणून बरेच जण फोनवर मुलाखती घेतात. फोन कुणाच्या मालकीचा आहे, शेजारी कोण बसलंय, हे आधी विचारून घ्या. तिला सोयीची वेळ तिलाच ठरवू द्या. आवाजी निरोप ऐकून, टिपण करून लगेच पुसा, आणि तिच्या फोनमधूनही पुसायला सांगा. गावाचं नाव टिपणात लिहूच नका, प्रबंधात बदलणं तर त्यानंतरचं.