इंजिन विकतचं, गाव घरचं

मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची छोटी, चालती प्रतिकृती. तिच्यासाठी विकतच घ्यावं लागतं ते म्हणजे रूळ, इंजिन-डबे आणि वीज देणारा कंट्रोलर. डोंगर, फलाट, घरं, झाडं, नदी, ऊस हे सगळं कोल्हापुरात राहून घरी करता येतं, आणि ते करायची निम्मी हत्यारंसुद्धा. परदेशी बनावटीच्या तयार झाडांच्या एका पाकिटाला जे पैसे पडतात, त्यात इथं अख्ख्या शिवाराचं सामान येतं. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाचा हात तर आधीच बसलेला असतो. फरक मापाचा असतो आणि वाळायला वेळ देण्याचा. त्यामुळं कामाला हात घालण्याआधी काय काय जमवून ठेवायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी जागा ठरवा. जागा म्हणजे खोलीतली नव्हे, नकाशावरची. रोज डोळ्यांखालून जाणारं ठिकाण निवडलं की शंभर प्रश्न आपोआप सुटतात. माझं मत विचाराल तर कोल्हापूरचं स्टेशनच घ्या. मिरजेहून येणारी लाईन इथं संपते, गाडी पुढं कुठं जातच नाही. त्यामुळं गोल फिरणाऱ्या रुळांची गरज नाही. भिंतीलगत फूट-सव्वा फूट रुंदीची फळी पुरते. जुना काळ हवा असेल तर तोही हाताशी आहे. ही लाईन १८९१ साली सुरू झाली आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत इथं मीटरगेज गाडी यायची. वाटेतलं एखादं गाव घ्यायचं तर रुकडी घ्या, तिथं पंचगंगेवरचा पूल मिळतो. ठरलं की एका सकाळी वही आणि टेप घेऊन जा. बाहेरच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंती, कौलं, दारं, कुंपण यांची मापं आणि रंग लिहून आणा. जमलं तर पुण्यातलं कर्वे रस्त्यावरचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयही एकदा बघून या. चालत्या गाडीमागं देखावा कसा उभा राहतो, ते तिथं तासाभरात समजतं.

आता माप. एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची ठरलेली दोन मापं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. पहिल्यांदा करणाऱ्यानं एचओ घ्यावं, कारण घरगुती सामानातून एवढं मोठं काम नीट निघतं. एक गोष्ट आधीच मनाशी मान्य करून टाका. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, त्याला ८७ नं भागलं की १९.३ येतात, म्हणजे विकतचा रूळ थोडा अरुंदच दिसणार. पण डोळा रुळापेक्षा डब्याचं आणि घराचं प्रमाण आधी पकडतो, ते चुकू देऊ नका. त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी करा. ११.५ मिलिमीटर म्हणजे एक मीटर, अशा खुणा तिच्यावर मारा आणि ती पट्टी खिशातच ठेवा. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचं येतं, उभा माणूस वीसच्या आत. जुना निळा डबा साधारण २४५ मिलिमीटरचा, म्हणजे चार डबे आणि इंजिन उभं करायला फलाट सव्वा मीटर लांब हवा. वळणाची त्रिज्या ४५७ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. चढ द्यायचा तर मीटरला दोन सेंटीमीटर पुरे. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर मधे साडेसात सेंटीमीटर मोकळी उंची लागते, आणि ती या चढानं गाठायला पावणेचार मीटर लांबी जाते. हा हिशेब कागदावर झाला नाही, तर डोंगर उभा राहिल्यावर पाडावा लागतो.

पाया म्हणून जुना फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, शोधा. घर दुरुस्त करणाऱ्यांकडं तो पडून असतो, हलका असतो, सपाट असतो. नवीन घ्यायचंच तर टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटर प्लाय आणि खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. काम मात्र दसऱ्यानंतरच सुरू करा, ही माझी कळकळीची विनंती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, फेव्हिकॉल दोन-दोन दिवस वाळत नाही. मी पहिला फलाट जुलैत केला होता. पंधरा दिवसांत त्याची दोन्ही टोकं वर आली आणि खालचा रूळही उचलला गेला. सगळं उपसून परत केलं. पावसाळा जमवाजमवीसाठी ठेवा, हिवाळा बांधकामासाठी.

डोंगरासाठी थर्माकोल विकत घेऊ नका. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, ते योग्यच झालं. पण टीव्ही-फ्रिजच्या दुकानामागं पॅकिंगचे ठोकळे कचऱ्यात जायची वाट बघत असतात, ते मागून आणा. ठोकळे नसतील तर वर्तमानपत्राचे बोळे मास्किंग टेपनं बांधून आकार द्या. त्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून दोन थर लावा. प्लास्टर ऑफ पॅरिसचं गणित नीट शिकायचं तर शाहूपुरीतल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत जरा वेळ उभं राहा. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही, आणि भांड्यात घट्ट व्हायला लागलेला गारा पाणी घालून पुन्हा पातळ करायचा नाही. हे दोन नियम तिथली पोरंसुद्धा पाळताना दिसतील.

माती वेगवेगळ्या डब्यांत जमवा. पन्हाळ्याकडच्या जांभ्याची तांबडी, शेतातली काळी, आणि दिवाळी झाल्यावर कुणी मोडलेल्या किल्ल्याची. तीनही माती जुन्या कढईत कोरडी भाजून घ्या, म्हणजे कीड आणि बी दोन्ही मरतं, नाहीतर दोन महिन्यांनी फलाटावर खरंच गवत उगवतं. मग चाळा.

रुळांखालच्या खडीवर मात्र मनापासून वेळ घाला, कारण फोटोत खोटेपणा पहिल्यांदा तिथंच दिसतो. खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची असते, १:८७ ला ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे बारीक रव्याएवढी. खडी क्रशरवरची पूड पिशवीभर आणा. आधी पिठाच्या चाळणीनं धूळ काढून टाका, मग रव्याच्या चाळणीतून जे पडेल तेवढंच घ्या. चाळताना तोंडाला मास्क हवा. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या पुडीतून दहा वेळा फिरवा. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाईटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर अडखळते. चुंबकावर काळी लव जमायची थांबली की पूड तयार. चिकटवायला एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही. हे मिश्रण सोडायला बिनसुईची पाच मिलिलीटरची सिरिंज, आणि आधी फवारा मारायला सॅनिटायझरची रिकामी बाटली.

घरांसाठी लग्नपत्रिका जपून ठेवा. इतका ताठ, गुळगुळीत आणि फुकटचा पुठ्ठा दुसरा नाही. भिंतीला दोन पत्रिका एकावर एक चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या ढिगाखाली दाबा. विटांच्या ओळी रिकाम्या बॉलपेनच्या टोकानं कोरा. कौलांना वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, एक कडा दातेरी कापून, खालून वर एकावर एक चढवत न्यायच्या. छपराच्या पत्र्याची युक्ती मला उद्यमनगरात सुचली. खऱ्या पत्र्याची एक नळी साधारण तीन इंचाची, म्हणजे १:८७ ला पाऊण मिलिमीटरच्या थोडी वर. एम-५ म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या आट्यातलं अंतर ०.८ मिलिमीटर. त्या मापाचा वीतभर आटेदार गज घ्या. सायकलच्या जुन्या ट्यूबवर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉईल दुहेरी पसरा आणि गज दाबून एकदाच लाटण्यासारखा फिरवा. नळ्या उमटतात. त्या किंचित तिरक्या येतात, म्हणून तुकडा त्यांच्या दिशेनंच कापा. वर तपकिरी रंगाचा कोरडा ब्रश मारला की गंजलेला पत्रा.

ऊस नसेल तर तो देखावा कोल्हापूरचा वाटणारच नाही. सुतळी हिरव्या रंगात बुडवून वाळवा. साडेतीन सेंटीमीटरचे तुकडे करा, म्हणजे तीन मीटरचा ऊस होतो. वरचं टोक उसवून पाचट दाखवा, ते थोडं फिकट पिवळं ठेवा. चार फुटी सरी हिशेबात चौदा मिलिमीटरवर येते. एका लहान फडालाही चार-पाचशे तुकडे लागतात. घरातल्यांना सोबतीला बसवा, गप्पा मारत दोन संध्याकाळी होतात. फडाच्या कडेला गुऱ्हाळघर हवंच. रस उकळायच्या काहिलीला थंड पेयाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण कडा सपाट करून चालतं, धुराड्याला कागदाची नळी, आणि वाळत घातलेल्या चिपाडांना रसवंतीवरून आणलेली खरीच चिपाडं, उन्हात खडखडीत वाळवून कात्रीनं बारीक केलेली. ओली राहिली तर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात.

झाडांसाठी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून खोड-फांद्या करा. वाळलेल्या तुळशीच्या काड्याही सुंदर दिसतात, पण घरात विचारूनच घ्या. पाला म्हणजे जुन्या गादीतला फोम किंवा सुताराकडचा बारीक भुसा, पोस्टर रंगात तीन वेगवेगळ्या हिरव्या छटा देऊन वाळवलेला. एकच हिरवा वापरला की सगळं प्लास्टिक दिसतं. फोम दळायला भंगारातला मिक्सर घ्या, स्वयंपाकाचा नको.

हत्यारांत स्टीलची पट्टी, गुण्या, कटर, पक्कड आणि २५ वॉटची सोल्डरिंग गन एवढं विकत. चप्पल लाईनीत कुणी जुनी रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, दिली तर जरूर घ्या, थर्माकोलचे कडे तासायला तिच्यासारखं पातं नाही. आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवला की कानस झाली.

थर्माकोल कापायची गरम तार घरीच करा. पाव मिलिमीटर जाडीची नायक्रोम तार वीस सेंटीमीटर, लाकडी चौकटीत स्प्रिंग लावून ताणलेली. तिचा रोध साडेचार ओहमच्या आसपास भरतो. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा मोबाईल चार्जर लावला तर सव्वा अँपिअरच्या आत वीज जाते. तार लाल होत नाही, पण थर्माकोल लोण्यासारखा कापला जातो. धूर अंगाला वाईट, म्हणून खिडकी उघडी ठेवून किंवा गच्चीवरच कापा. घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेला लावायचा विचारसुद्धा करू नका.

उभं गवत हवं असेल तर डास मारायच्या रॅकेटचं सर्किट आणि चहाची धातूची गाळणी. एक वायर गाळणीला, दुसरी ओल्या फेव्हिकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत नायलॉनचे बारीक तंतू घालून ती हलवली की ते भार घेऊन उभेच्या उभे पडतात. त्यातला कपॅसिटर बटण सोडल्यावरही झटका देतो. हात लावण्याआधी प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही टोकं जोडून तो रिकामा करा, आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

नदीसाठी तळ आधी रंगवा, मधे गडद, काठाला फिका. मग चकचकीत वॉर्निशचे चार पातळ हात, प्रत्येकानंतर एक दिवस थांबून. जाड एकच हात दिला तर आत दुधाळ राहतो. पुराची पंचगंगा करायची असेल तर तळ मातकट रंगवून वॉर्निश कमी चमकेचं घ्या. फलाटावरच्या दिव्यांना १२ व्होल्टवर प्रत्येक एलईडीमागं एक किलो-ओहमचा रेझिस्टर, वायरी प्लाय झाकण्याआधी खालून ओढलेल्या.

आणि एक जुनी सुती साडी, खळ धुऊन काढलेली, आजच बाजूला काढून ठेवा. काम संपलं की रोज रात्री ती देखाव्यावर घालायची, कारण उसाच्या फडावर बसलेली धूळ ब्रशनं निघत नाही.