पाट (मादी करडू) ठेवायची की विकायची? शेळीपालकांनो, या चुका टाळा

उस्मानाबादी शेळी कुठून आणू, हे मला आठवड्याला दोघे तरी विचारतात. घरच्याच करडांतली कोणती ठेवू, हे वर्षात एखादाच विचारतो. कळप बिघडतो तो इथेच.

चांगला विकला, उरला तो ठेवला

बकरी ईद जवळ आली की व्यापारी दारात येतो आणि सगळ्यात उंच, भरलेल्या बोकडावर हात ठेवतो. भाव चढा असतो, घरात खर्च उभा असतो. बोकड जातो आणि मागे उरलेला पैदाशीला लागतो.

2018 च्या ईदेला मी हेच केलं. तीन बोकड होते. दोन गेले, तिसरा कुणी घेतला नाही म्हणून बावीस शेळ्यांवर सोडला. शेळी पाच महिने गाभण, त्यापुढे करडं तीन महिन्यांची व्हायची; चूक कळायलाच पुढचा उन्हाळा उजाडला. एरवी तीन महिन्यांना नऊ-दहा किलो भरणारी करडं सहा-साडेसहावर अडकली. शेळ्या त्याच, चाराही तोच. त्याच्या पाटीही मी ठेवल्या होत्या, त्यामुळे कळप सावरायला आणखी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचा हिशोब अजून टोचतो.

आता ईदेच्या दोन महिने आधी पैदाशीचा बोकड ठरवतो, वेगळा बांधतो आणि व्यापाऱ्याला दाखवत नाही. तो जुळ्यातला हवा, त्याच्या आईला दूध हवं, दोन्ही वृषण सारखे आणि खाली उतरलेले हवेत. एकच उतरलेला असेल तर बोकड कितीही देखणा असो, विकायचा. हा दोष पुढच्या पिढीत येतो.

गुबगुबीत दिसली म्हणून ठेवली

एकटं जन्मलेलं करडू आईचं सगळं दूध पितं, ते भरणारच. तीन महिन्यांना एकटी पाट 11 किलोची आणि जुळ्यातल्या दोघी 9-9 किलोच्या असल्या, की नवा माणूस 11 वाली ठेवतो आणि जुळी बाजारात नेतो. अहो, जुळ्यांच्या आईने 18 किलो दिले! तिच्याच पाटी ठेवायच्या.

माझ्या वहीत प्रत्येक वजनासमोर आईचा बिल्ला नंबर आणि ‘एकटं’ की ‘जुळं’ एवढं लिहिलेलं असतं. एकट्याची तुलना एकट्याशीच. वजन रविवारी सकाळी, दूध पाजायच्या आधी, करडू पोत्यात घालून ताणकाट्यावर. नुसत्या नजरेने किलो सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. काळा रंग आणि लांब कान बघून निवडणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे घाई. पहिल्या वेताला एकच करडू दिलं म्हणून शेळी काढू नका. पहिलं वेत बहुतेक वेळा एकाचंच असतं. दुसऱ्या वेतापर्यंत थांबायची तयारी नसेल तर निवड करूच नका.

बाकीच्या चुका

बोकड दीड-दोन वर्षांत बदला. पाट आठ-दहा महिन्यांत माजावर येते आणि बाप कळपातच असतो, मग बापच लेकीवर लागतो.

भुंड्या शेळ्यांवर भुंडा बोकड लावू नका. बिनशिंगीपणा दोन्हीकडून आला की मादी करडू नपुंसक निघतं. पाट समजून वर्षभर पोसाल आणि ती माजावर येणार नाही. बोकड शिंगांचाच ठेवा.

कासेला दोनच सड हवेत, दोन्ही मोकळे. जादा सडाची पाट ठेवू नका. दगडी (कासेचा आजार) होऊन एक बाजू बंद पडलेली शेळी जुळी पोसू शकत नाही, तिला काढा.

शेळी गाभण न राहता दर 21 दिवसांनी उलटतेय, म्हणजे पुन्हा माजावर येतेय? आधी बोकड बदलून बघा. दोष तिचा असेलच असं नाही.

आजारी शेळी ‘काढायची’ म्हणून बाजारात नेऊ नका. पीपीआर हा संसर्गजन्य रोग असेल तर दहा गावांचे कळप बसतील. आधी पशुवैद्यकाला दाखवा.

काढायच्या शेळ्या मी माघ-फाल्गुनात ठरवतो, करडं दुधावरून तुटल्यावर आणि चारा संपायच्या आत. वैशाखात हाडं दिसायला लागल्यावर नेली, तर व्यापारी म्हणेल तोच भाव घ्यावा लागतो.