साखरशाळेवर पहिला हंगाम काढणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याच्या तळावर उतरतात, चार दिवसांत कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि त्यांच्या पोरांची साखरशाळा भरवायला आपण फळा-खडू घेऊन पोचतो. शिकवायचं कसं ते प्रशिक्षणात ऐकलं असेलच. मी जिथे चुकले, तेवढं सांगते.

पहिल्याच वर्षी जानेवारीत पाहुणे येणार म्हणून नाटक बसवायला घेतलं. 31 पोरांतली 12 चुणचुणीत निवडली. त्यात तिसरीतली एक मुलगी होती. रोज दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन यायची. तालमीत तो रडायचा. एकदा मी म्हणाले, "याला कोपीत ठेवून ये." पण कोपीत होतं कोण? ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची तर दोघांनाही पहाटेच उसाच्या फडात जावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. नाटक झालं, फोटो निघाले. ती तळाच्या कडेला भावाला मांडीवर घेऊन वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढीवर बसलेली दिसायची. मला पाहिलं की मान वळवायची.

म्हणून सांगते, धाकटं भावंड आलं तरच थोरली येते. त्याला अडचण समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढल्या. मुलं जिथे आहेत तिथे, जशी आहेत तशी. तेव्हा फळा टांगायच्या आधी गोधडी अंथरा, एक झोळी बांधा.

कलेच्या नावाखाली छापील चित्रं रंगवायला देऊ नका. मला तो प्रकार अजिबात पटत नाही. माती द्या. दुसऱ्या हंगामात पोरांनी बैल केले, पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, वेसण घातली. एकानं बैलाच्या मानेवर अंगठा दाबून जूचा घट्टा उमटवला. मग गाडीत मोळ्या किती, टन किती, यावरून गणित आपोआप निघालं. बाळंही त्याच मातीत रमली.

सुरुवातीचे पंधरा दिवस वर्ग हाताला लागत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. आणि जो मार्गदर्शक तुमच्या वर्गात दोन तास मागे बसत नाही, त्याचा सल्ला मनावर घेऊ नका.

मात्र एका बाबतीत हयगय नको. हंगाम संपला की तळ एका रात्रीत रिकामा होतो, कुणी सांगून जात नाही. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित पोराच्या शिक्षणाची नोंद, फेब्रुवारीतच भरा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. वयानुरूप वर्गात प्रवेश हा 2009 च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, पण गावच्या शाळेत दाखवायला हातात कागद असला की आईला बोलायला बळ येतं.

त्या मुलीचं कार्ड माझ्याकडेच राहिलं. तिची टोळी पुढच्या हंगामाला आमच्या तळावर आली नाही.