फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या कामात नव्याने उतरताना: बेअरिंगच्या आधी सील बघा

आयटीआयमधून वीजतंत्रीचा किंवा कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड करून बाहेर पडलेली पोरं हल्ली सरळ एसीच्या मागे लागतात. एसीला सीझन आहे, पैसा आहे, मान्य. पण पाऊस लागला की एसीवाला मोकळा आणि वॉशिंग मशीनवाल्याचा फोन तापलेला. त्यातही टॉप लोड कुणीही खोलतं. फ्रंट लोड समोर आलं की निम्मे मेकॅनिक "बोर्ड गेलाय, नवीन मशीन घ्या" म्हणतात, व्हिजिट चार्ज खिशात घालतात आणि चालू पडतात. तुम्हाला जागा आहे ती इथेच.

मल्टीमीटर धरता येतो, कंटिन्यूटी कळते, खोलण्याआधी प्लग काढायचा हे माहीत आहे, असं धरून लिहितोय. तरी एक गोष्ट बजावून सांगतो. इन्व्हर्टर मशीनचा प्लग काढला म्हणजे बोर्ड मेला असं नाही. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी बसतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहतो. मीटर डीसीवर ठेवून मोजा, उतरलाय याची खात्री करा, मग हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे उस्ताद भेटतील. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकं बघा, मग ठरवा.

रोजच्या कंप्लेंटवर फार लिहीत नाही, त्या महिन्याभरात हाताला बसतात. एलजीच्या डिस्प्लेवर ओई हा एरर कोड आला की ड्रेनचं, म्हणजे पाणी बाहेर जाण्याचं बघायचं. सॅमसंगवर तेच पाच-ई किंवा पाच-सी म्हणून येतं, बॉशवर ई-१८. फिल्टर खोला: नाणी, सेफ्टी पिना, ब्लाऊजचे हूक, लहान मुलाचा मोजा. खोलण्याआधी खाली ताट आणि जुना टॉवेल ठेवा, आणि पाणी गरम नाही ना ते बघा. हीटरचा रेझिस्टन्स मोजा. २००० वॅटचा असेल तर २६ ओहमच्या आसपास यायला हवा. मशीन चालू होतं, दहा-पंधरा मिनिटांनी घरचा ईएलसीबी (लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच) पडतो, अशी कंप्लेंट आली तर पहिला संशय हीटरवर. अशा वेळी साधा मल्टीमीटर बॉडीशी लीकेज दाखवेलच असं नाही, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लागतो. घर बदलल्यावर मशीन नाचायला लागलं असेल तर आधी विचारा, नेताना ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागून लावायचे) लावले होते का? आणि नवीन मशीन पहिल्याच दिवशी नाचत असेल तर ते बोल्ट अजून मागेच असतात. काढून ग्राहकाच्या हातात द्या, जपून ठेवायला सांगा.

एक मात्र सांगतोच, कारण यावर पोरं इनलेट व्हॉल्व बदलून येतात. एलजीचा आयई कोड, म्हणजे पाणी येत नाही. नळ चालू, जाळी साफ, व्हॉल्व ठीक, तरी आयई. अशा वेळी मशीनच्या मागे वाका आणि ड्रेन पाइप कुठे टाकलाय ते बघा. आपल्याकडे तो सर्रास बाथरूमच्या फरशीवर, नहाणी ट्रॅपवर आडवा टाकलेला असतो. पाइपाचा कुठलाच भाग टबाच्या पाण्याच्या पातळीच्या वर गेला नाही, तर आलेलं पाणी आपोआप वाहून जातं. मशीन भरत राहतं, प्रेशर स्विचला पातळी मिळत नाही, शेवटी बोर्ड म्हणतो पाणी नाही. पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवला की मशीन चालू! वरच्या मजल्यावर मात्र खरोखरच पाणी कमी पडतं. टाकी नळापासून तीन मीटर वर असेल तर प्रेशर जेमतेम ०.३ बार मिळतं, आणि बऱ्याच मशीनना किमान तेवढं तरी लागतं. तिथे व्हॉल्व बदलून काही होत नाही, छोटा प्रेशर पंपच बसवावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. मी ज्यात अडकलो आणि अजूनही ज्याच्या आठवणीने पोटात गोळा येतो, ते काम म्हणजे बेअरिंग.

कंप्लेंट ठरलेली असते: "दादा, स्पिनला विमानासारखा आवाज येतो." आधी खात्री करा. दार उघडून ड्रमची वरची कड हाताने वर उचला. टब (ड्रमच्या बाहेरची पाण्याची टाकी) जागेवर राहून नुसता ड्रम हलला तर बेअरिंग गेलंय. टब आणि ड्रम दोन्ही एकत्र हलले तर तो लोंबकळण्याचा नेहमीचा खेळ आहे. तो फारच ढिला वाटला तर शॉकर (टबाचे हादरे झेलणारे दांडे) बघा. बेल्टचं मशीन असेल तर बेल्ट काढून ड्रम हाताने फिरवा. तरीही घरघर आली तर मोटर निर्दोष.

इथवर सगळ्यांना येतं. पुढे नवा पोरगा काय करतो? टब बाहेर काढतो, दोन भाग करतो, बेअरिंगवर नंबर वाचतो ६२०५ आणि ६२०६, बाजारातून तेच आणतो, ठोकून बसवतो आणि मशीन शांत होतं. ग्राहक खूश, चहा मिळतो. काही महिन्यांनी तोच आवाज, तेच घर, आणि या वेळी चहा नाही.

बेअरिंग आपण होऊन फारसं मरत नाही, त्याला पाणी मारतं. ड्रमकडच्या बाजूला, मोठ्या बेअरिंगच्या पुढे, ऑइल सील असतं. साबणाचं पाणी अडवायचं काम त्याचं. सीलची ओठासारखी कड झिजली की पाणी थेंबथेंब आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं, गोळ्या गंजतात. आवाज येतो तोवर सील केव्हाच मेलेलं असतं. टबाच्या मागच्या बाजूला, शाफ्टच्या (ड्रमच्या दांड्याच्या) भोकाखाली तांबूस-तपकिरी ओघळ दिसला की समजा, खरा पेशंट सील आहे. जुनं सील "अजून बरं दिसतंय" म्हणून परत बसवणारा माणूस ग्राहकाला फसवत नसेल, स्वतःला नक्की फसवतो.

मग सील नवीन आणायचं, आणि खरा खड्डा इथे आहे. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगचा हिशोब सोपा आहे, शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, ६२०६ म्हणजे ३०. म्हणून नवीन माणूस गृहीत धरतो की सीलही ३० चंच असणार. नाही. शाफ्टवर सीलच्या जागी धातूचा बुश असतो आणि सीलची कड त्या बुशवर फिरते. त्यामुळे सीलचं आतलं माप बेअरिंगपेक्षा मोठं असतं. एलजीच्या बऱ्याच मशीनमध्ये ६२०५-६२०६ या जोडीबरोबर ३७ गुणिले ६६ चं, ९.५/१२ जाडीचं (पहिला आकडा अंगाचा, दुसरा ओठासकट) सील येतं. सॅमसंगच्या बऱ्याच मशीनमध्ये बेअरिंगची जोडी तीच, ६२०५-६२०६, पण सील ३५ गुणिले ६५.५५, जाडी १०/१२. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, बसतं." बसतंही, हाच घात आहे. ३५ च्या बुशवर ३७ चं सील सैल राहतं, पहिल्या दिवसापासून पाणी आत. ३७ च्या बुशवर ३५ चं ताणून चढवलं तर कड घासते, तापते आणि लवकर जाते. बाहेरच्या अंगाचा अर्ध्या मिलिमीटरचा फरकही असाच: ६६ च्या घरात (टबातली सील बसायची जागा) ६५.५५ चं सील बोटाने आत जातं. सील बोटाच्या दाबाने बसलं तर खूश होऊ नका, ते चुकीचं आहे.

म्हणून नियम एकच: माप जुन्या सीलवर छापलेलं वाचायचं, पुसलं असेल तर व्हर्नियरने बुशचं बाहेरचं आणि घराचं आतलं माप घ्यायचं. जुनं सील मोजून माप घेऊ नका, ते फुगलेलं, झिजलेलं असतं. व्हर्नियर कॅलिपर विकत घ्या. मल्टीमीटर महागडा नसला तरी चालेल, व्हर्नियर मात्र चांगला हवा. बुशवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवीन सीलही टिकणार नाही. तेव्हा बुश बदला किंवा ग्राहकाला स्पायडरसकट शाफ्ट घ्यायला सांगा.

स्पायडरचंही बघाच. ड्रमच्या मागचा तो तीन पायांचा अल्युमिनियमचा तुकडा. साबणाचा क्षार आणि स्टीलचा संग यामुळे तो पांढरट भुकटी सोडत कुजत जातो. पायाच्या मुळाशी चीर दिसली तर बेअरिंगचा खर्च ग्राहकाला करायलाच लावू नका. एक पाय तुटला की ड्रम कलतो आणि टबाला घासत सुटतो.

काढताना-बसवताना: ड्रम सोडवायला शाफ्टवर ठोकण्याआधी त्याच्या टोकाचा बोल्ट परत आत फिरवून ठेवा, नाहीतर आटे जातील. बेअरिंग आत घालताना मार बाहेरच्या रिंगवरच. जुनं बेअरिंग उलटं ठेवून त्यावर ठोका. सीलला पाण्यात न धुतलं जाणारं ग्रीस लावा, गॅरेजमधलं उरलंसुरलं चालणार नाही. आणि काम घेण्याआधीच टब बघा, जोडाला स्क्रू आहेत की कारखान्यातच वेल्ड केलेला आहे. वेल्ड केलेला टब हॅकसॉने कापून, सिलिकॉन भरून, स्क्रू मारून जोडणारे आहेत. मी ते करत नाही. पूर्ण टब असेंब्लीची किंमत सांगतो, परवडत नसेल तर नाही म्हणतो. हे माझं मत, धंद्यातले बरेच जण मला वेडा म्हणतात.

घाबरलात? घाबरू नका. पहिलं बेअरिंग काढायला सगळ्यांना अख्खा दिवस लागतो आणि शेवटी दोन स्क्रू उरतातच. हात वळतो.

पार्ट शोधणं ही दुसरी अर्धी विद्या. ग्राहक सांगतो "सात किलोचं, पांढरं." फोनवर ऐकून पार्ट आणायला कधीही निघू नका. दाराच्या कडेवर किंवा मागे प्लेट असते, तिचा फोटो मागवा, पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट. पुढच्या पॅनेलवर एकच नाव छापलेल्या दोन मशीनमध्ये बोर्ड वेगळा निघू शकतो. बॉशच्या प्लेटवर ई-एनआर (म्हणजे मॉडेल नंबर) असतो, त्यातल्या तिरक्या रेघेपुढचे आकडेही लिहून घ्या. तिथेच एफडी (मशीन बनल्याची तारीख) असते, चार आकडी: पहिल्या दोनमध्ये २० मिळवायचे, शंभराच्या वर गेलं तर शंभर सोडून द्यायचे, मिळेल ते साल; पुढचे दोन महिना. ९५०५ असेल तर २०१५ सालचा मे महिना. जुन्या पार्टवरचा नंबर तर सोन्यासारखा. सॅमसंगचं दाराचं रबर डीसी-६४ ने सुरू होतं, पंप डीसी-३१ ने; एलजीचे बोर्ड ईबीआरने. बेल्टवर १२७० जे ५ असं काही छापलेलं असतं, म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये, मग प्रोफाइल (धारांचा प्रकार), मग धारा किती ते. नंबर लिहून घ्या, कनेक्टरचे फोटो काढा, मग जुना पार्ट पिशवीत घालूनच बाजारात जा.

मुंबईत असाल तर बेअरिंग-सीलसाठी नागदेवी स्ट्रीट, बोर्डावरच्या सुट्या मालासाठी लॅमिंग्टन रोड. पुण्यात तापकीर गल्लीत फिरायची सवय लावा, विकत काही घ्यायचं नसलं तरी. बेअरिंग मात्र डीलरकडूनच घ्या. नकली खोक्यांचा सुळसुळाट आहे, छपाई इतकी सफाईदार की डोळा फसतो. भाव निम्मा असेल तर तो भावच उत्तर आहे. कंपनीचा पार्ट मिळतच नसेल तर ग्राहकाला केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल दाखवा. २०२२ च्या डिसेंबरात ते सुरू झालं, कंपन्यांच्या सर्व्हिसची माहिती एका ठिकाणी मिळते. तक्रारच करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

उस्तादाबद्दल. काही उस्ताद सीलचं माप पोराला दिसू नये म्हणून कागद खिशात ठेवतात. अशाकडे स्पॅनर उचलण्यापलीकडे काही शिकायला मिळत नाही, निघा तिथून. पण रागावणारा उस्ताद वाईटच असतो असं नाही. माझा उस्ताद खोललेला प्रत्येक स्क्रू आईस्क्रीमच्या डब्यात जागेप्रमाणे लावायला लावायचा, चुकलं की सगळ्यांसमोर शिव्या. त्याच्यामुळे आज माझ्याकडे स्क्रू कमी उरतात. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना नावं ठेवत नाही, मीही बघतो. फक्त व्हिडिओत गंजलेला बोल्ट कधी अडकत नाही.

काम झालं की लगेच पैसे मागू नका. आधी रिकामं रिन्स-स्पिन चालवा, मग ओल्या टॉवेलांवर. स्पिन पूर्ण वेगात असताना मागचं कव्हर काढलेलं ठेवून हात लांब ठेवा, आणि बॅटरीने शाफ्टखाली बघा. कोरडं असेल तर कव्हर लावा. वहीत ग्राहकाच्या नावापुढे मॉडेल, बेअरिंगचे नंबर आणि सीलचे तिन्ही आकडे लिहा. पुढच्या वेळी त्याच मॉडेलचा फोन आला की पार्ट पिशवीत घेऊनच दारात उभे राहाल आणि दुसरी फेरी वाचेल.